मॉडेल खोटं, पण कुठे आणि किती? किरणोत्सव, पंचगंगा आणि भौतिकशास्त्रातलं प्रतिरूपण

लंबक

भौतिकशास्त्रातलं मॉडेल म्हणजे वास्तवाची छोटी नक्कल, असं आपण सहज बोलून जातो. पण घर्षण नसलेला उतार, वजन नसलेली दोरी, बिंदूएवढा सूर्य या गोष्टी कुठेच नसतात. जे नाही ते लिहून जे आहे त्याबद्दल बरोबर उत्तर कसं मिळतं, हा या धाग्याचा प्रश्न.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झने १८९४ च्या आपल्या यांत्रिकीवरच्या ग्रंथात याचं एक उत्तर दिलं. आपण मनात वस्तूंची चित्रं करतो आणि त्यांच्याकडून एकच अपेक्षा ठेवतो: चित्रातून तर्काने जे निघतं, ते त्या वस्तूंच्या बाबतीत निसर्गात जे घडतं त्याचं चित्र असावं. चित्र वस्तूसारखं दिसलं पाहिजे अशी अट त्याने घातली नाही. मला हे पटतं, पण अपुरं वाटतं. अपेक्षा मोडली तर चित्रातली कोणती रेघ चुकली, हे कसं ओळखायचं?

हवेत बोलण्यापेक्षा आपल्या गावातलं उदाहरण घेऊ. अंबाबाईच्या देवळात ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात जातात. हाच किरणोत्सव. याचं सगळ्यात साधं मॉडेल असं: पृथ्वी गोल, क्षितिज सपाट, हवा नाही, सूर्य बिंदू. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश आणि त्या दिवसांत सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, सुमारे १७ अंश दक्षिण धरली, तर सूर्य पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. १० नोव्हेंबर हा २१ डिसेंबरच्या ४१ दिवस आधी येतो, १ फेब्रुवारी त्यानंतर ४२ दिवसांनी. म्हणजे दोन्ही वेळा सूर्य जवळपास एकाच जागी मावळणार. चार खोट्या गृहीतकांवर वर्षातून दोनदा का आणि साधारण कधी, एवढं सुटलं. पुढे?

पश्चिमद्वार

पुढे ती चार गृहीतकं एकेक करून परत घालायची आणि उत्तर किती हलतं ते बघायचं. माझ्या मते आदर्शीकरण, म्हणजे मुद्दाम केलेलं सोपं चित्र, तपासायची हीच खरी रीत. हिशेबाच्या सोयीसाठी दाराची कड आणि मूर्ती यांत १०० मीटर अंतर धरतो. हा सोयीचा आकडा आहे, मोजलेला नाही.

आधी सूर्याला तबकडी करा. तिचा व्यास ३२ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). १०० मीटरवर कडेची सावली धारदार राहत नाही, ०.९३ मीटर रुंदीची उपच्छाया, म्हणजे अर्धवट उजेडाचा पट्टा, पडते. मूर्तीची उंची साधारण तीन फूट, म्हणजे ०.९ मीटर. ‘किरण कमरेपर्यंत आले’ या वाक्यातली रेषा जवळपास मूर्तीएवढीच जाड आहे! वर्षातून दोनदा का, याचं उत्तर देताना बिंदू-सूर्य निर्दोष होता. किरण कुठपर्यंत आले हे विचारलं की तोच बिंदू-सूर्य निरुपयोगी ठरतो.

मग हवा. क्षितिजाजवळ अपवर्तनाने सूर्य प्रमाण हवेत ३४ कला वर दिसतो. हा आकडा समुद्रसपाटीच्या दाबाचा आणि १० अंश तापमानाचा. कोल्हापूरची उंची सुमारे ५५० मीटर आणि संध्याकाळचं तापमान २८ अंश धरलं तर तो ३० कलांच्या आसपास येतो. सूर्य मिनिटाला ०.२३ अंश उतरतो, तेव्हा हवा वगळल्याने मावळतीची वेळ दोन मिनिटांहून थोडी जास्त चुकते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सूर्य खाली जाईल तसा आतला झोत वर चढतो, मिनिटाला ०.४ मीटर. दोन मिनिटांत जवळजवळ मूर्तीएवढी उंची कापली जाते.

सगळ्यात मोठा फटका सपाट क्षितिजाचा. ५०० मीटरवरची एखादी इमारत दृष्टिरेषेच्या १० मीटर वर आली तर ती १.१५ अंश झाकते. सूर्य पाच मिनिटं आधी गेला आणि झोताची दोन मीटर चढण बुडाली. ही तूट तारीख बदलून भरून निघत नाही, कारण त्या उंचीच्या खालचा सूर्य त्या दिशेला कोणत्याच दिवशी दिसणार नाही. महाद्वार रस्त्यावरच्या अडथळ्यांची चर्चा दर वर्षी होते ती उगाच नाही.

रंकाळा_सांज

म्हणजे ‘हे मॉडेल किती टक्के खरं’ असं विचारताच येत नाही? प्रश्न बदलला की टक्के बदलणार?

पश्चिमद्वार

हो, आणि म्हणूनच मॉडेलबरोबर त्याचा प्रश्न लिहून ठेवावा. नुसतं मॉडेल सुटं हातात दिलं तर ते चूक की बरोबर, हे सांगायला जागाच राहत नाही.

दिगंश

किरणोत्सवात याहून खोल गोष्ट आहे आणि तिच्यावर फारसं बोललं जात नाही. परंपरेने सांगितला जाणारा क्रम दोन्ही वेळा एकच आहे: पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. आता मॉडेल चालवून बघा.

या अक्षांशावर सूर्य सरळ खाली जात नाही. एक अंश उतरताना तो सुमारे ०.३ अंश उत्तरेकडे सरकतो. दार अरुंद असेल तर सूर्य दाराच्या रेषेत असतो तो थोडाच वेळ, आणि त्या वेळी तो क्षितिजापासून किती वर आहे यावर झोत पायावर की मुखावर हे ठरतं. नोव्हेंबरात मावळतीची जागा रोज ०.३ अंश दक्षिणेकडे जाते. म्हणून ९ तारखेला सूर्य वर असतानाच रेषेत येतो आणि झोत चरणांवर पडून बाजूला निघून जातो. १० तारखेला तो रेषेत येतो तेव्हा आणखी खाली असतो, ११ ला त्याहून खाली. चरण, छाती, मुख. क्रम अगदी जुळला.

फेब्रुवारीत मावळतीची जागा रोज उत्तरेकडे सरकते. तेच गणित, तेच दार. ३१ जानेवारीची क्रांती ११ नोव्हेंबरच्या जवळ, २ फेब्रुवारीची ९ नोव्हेंबरच्या जवळ. तेव्हा मॉडेल म्हणतं: आधी मुख, मग छाती, शेवटी चरण. उलटा क्रम!

बरं, दार किती रुंद, कोणता खांब आड येतो, इमारत किती उंच, यातलं काहीही बदला, हा निष्कर्ष हलत नाही. सगळे अडथळे जागेवर स्थिर असतील तर आतला प्रकाश फक्त क्रांतीवर अवलंबून राहतो, आणि क्रांती अयनदिनाच्या (२१ डिसेंबरच्या) दोन्ही बाजूंना आरशासारखी आहे. मोजमाप एकही न घेता, केवळ समरूपतेवरून आलेला हा निष्कर्ष आहे. माझ्या दृष्टीने मॉडेलची खरी ताकद इथे दिसते. तपशील टाकून दिल्यामुळे मॉडेल कमकुवत होतं असा समज असतो. इथे ज्या तपशिलांवर उत्तर अवलंबून नाही ते कोणते, हे टाकून दिल्यामुळेच कळलं.

रंकाळा_सांज

मग परंपरा चूक म्हणायची का? मला तसं म्हणवत नाही, आणि घाईने म्हणूही नये असं वाटतं.

दिगंश

नकोच. तीन शक्यता उघड्या आहेत. एक, एकाच संध्याकाळी झोत चरण, छाती, मुख असाच चढतो, आणि ते रोजचं वर्णन तीन दिवसांच्या क्रमाला लागलं असेल. दोन, ऋतूगणिक बदलणारं काहीतरी मॉडेलबाहेर राहिलंय: नोव्हेंबर आणि फेब्रुवारीतलं धुकं, धूळ, झाडांची पानं, तात्पुरते मांडव. तीन, ०.९३ मीटरच्या उपच्छायेपुढे दिवसाला अर्धा मीटर आडवी सरक इतकी लहान आहे की मधला दिवस पक्का आणि कडेचे दोन दिवस हवेच्या भरवशावर. तिन्हींची परीक्षा वेगवेगळी. मॉडेल आणि निरीक्षण जुळलं नाही म्हणजे दोघांपैकी एक खोटं, असं सरळ नसतं.

विज्ञानाचे तत्त्वज्ञ बोगेन आणि वुडवर्ड यांनी १९८८ साली मांडलेला भेद इथे कामाचा आहे. नोंद वेगळी, घटना वेगळी. अमुक संध्याकाळी अमुक ठिकाणी उजेड दिसला ही नोंद. त्यात ढग, धूळ, बघणाऱ्याची जागा, सगळं मिसळलेलं. ‘मावळतीची रेषा दाराच्या रेषेशी जुळते’ ही घटना. सिद्धांत घटनेचा खुलासा करतो, प्रत्येक नोंदीचा नाही.

बरगे

देवळातून नदीवर येऊ. कोल्हापूरच्या पंचगंगेच्या बाबतीत प्रतिरूपणाच्या चुका घरात पाणी आणतात.

‘राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट’ हे नदीच्या पातळीचं वाक्य पावसाळ्यात प्रत्येक जण बोलतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. समुद्रसपाटीपासून अनुक्रमे ५४२.०७ आणि ५४३.२९ मीटर. यातून मोजपट्टीचं शून्य काढा: ५३०.१८ मीटर. तुमच्या घराच्या जोत्याची उंची समुद्रसपाटीवरून माहीत असेल तरी ती या फुटांशी थेट जोडता येत नाही, कारण पाण्याचा पृष्ठभाग उतरता असतो. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या वस्तीत त्याच वेळी पाणी बंधाऱ्यापेक्षा उंचावर असतं. फुटांचा आकडा हे एका जागेचं चित्र आहे. तो सगळ्या शहरावर चादरीसारखा पसरायचा नाही.

दुसरी चूक पातळी-विसर्ग वक्राची, म्हणजे कोणत्या पातळीला सेकंदाला किती पाणी वाहतं याच्या आलेखाची. पाणी कमी असताना पातळी बंधारा ठरवतो, तेव्हा विसर्ग माथ्यावरच्या खोलीच्या दीडाव्या घाताप्रमाणे वाढतो. बंधारा पूर्ण बुडाला की त्याचा ताबा सुटतो आणि नदीचं पात्र पातळी ठरवू लागतं. रुंद पात्रात घात पाच तृतीयांश. दोन वेगळी भौतिक रूपं आहेत. संगणकात एकच गुळगुळीत वक्र बसवला तर आलेखावर तो सुरेख दिसतो आणि नेमका पुराच्या टोकाला चुकतो, कारण तिथे बिंदू मोजके असतात. शिवाय एकाच पातळीला चढत्या पुराचा विसर्ग उतरत्या पुरापेक्षा जास्त असतो, आणि नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णाच भरून असेल तर पंचगंगेचं पाणी तुंबतं. एका पातळीला एकच विसर्ग, हे गृहीतक तिथे मोडलं.

तिसरी गोष्ट मॅनिंगच्या सूत्रातला (त्यावरून प्रवाहाचा वेग काढतात) खडबडीतपणाचा गुणांक, एन. पाठ्यपुस्तकात नदीच्या स्वच्छ पात्राला ०.०३ ते ०.०३५ देतात, उभ्या पिकाच्या पूरमैदानाला ०.०४ च्या आसपास. ऑगस्टमधला आडसाली ऊस पुरुषभर उंच असतो, त्याला हा आकडा कमीच पडतो. रुंद पात्रात खोली एनच्या तीन पंचमांश घाताने वाढते. एन ०.०३५ चा ०.०४२ झाला, म्हणजे २० टक्के वाढला, तर १० मीटर खोलीला साधारण १.१६ मीटर जास्त पाणी. इशारा आणि धोका यांतलं अंतरच १.२२ मीटर आहे!

आणि हा एन खरं म्हणजे कशाचं चित्र आहे? दगड, वळणं, ऊस, पुलाचे खांब, रस्त्यांचे भराव, सगळं एका आकड्यात कोंबलंय. मोजलेल्या पुराशी जुळेपर्यंत तो फिरवतात. जुळला की लोक म्हणतात मॉडेल सिद्ध झालं. जुळवलेलं मॉडेल आणि पारखलेलं मॉडेल यांत फरक आहे. २०१९ च्या पुरावर एन बसवा आणि त्याला हात न लावता २०२१ चा पूर काढून बघा. दोन्ही वेळा पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, म्हणजे तुलना रास्त होते. दुसऱ्या पुरात चूक एकाच दिशेची निघाली, तर एनने दुसऱ्याच कशाची तरी चूक पोटात घातलीय असं समजा. बहुतेक वेळा भरावाची.

लंबक

बरगे, फार उत्तम. एन हा मोजता येणारा गुणधर्म नव्हे, आपल्या अज्ञानाचं गाठोडं आहे, असं म्हणायचं का?

बरगे

अर्धं खरं. गाठोडं आहे, पण त्यातला मुख्य ऐवज ओळखीचा आहे, म्हणून त्याला मर्यादा घालता येते. जुळवताना एन ०.०९ निघाला तर कोणताही अनुभवी माणूस थांबेल आणि म्हणेल, आडवा छेद चुकलाय. निव्वळ गाठोडं असतं तर ०.०९ ला हरकत घ्यायला आधार नसता.

खडकवासला_वारी

खोटेपणाचा अजून एक प्रकार आहे, तो या सगळ्यांहून वेगळा. खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून आहे. अशा ठिकाणी नद्यांच्या, धरणांच्या प्रत्यक्ष प्रतिकृती बांधून पाणी सोडतात. तिथे नक्कल ही कल्पना सरळच कोसळते.

समजा नदी सगळ्या बाजूंनी १:१०० ने लहान केली. गुरुत्वाचा खेळ तसाच राहावा म्हणून फ्राउडचा अंक (प्रवाहाचा जोर आणि गुरुत्व यांची तुलना) सारखा ठेवतात. मग वेग १:१०, वेळ १:१०, विसर्ग १:१,००,०००. पण फ्राउड जपला की पाणी तेच असल्यामुळे रेनॉल्ड्सचा अंक (प्रवाहाचा जोर आणि पाण्याचा चिकटपणा यांची तुलना) १,००० पटीने घसरतो. दोन्ही एकाच वेळी जपता येत नाहीत. म्हणजे पूर्ण नक्कल तत्त्वतःच अशक्य आहे. काय सोडायचं ते निवडावं लागतं.

आता नदीचा लांब पट्टा घ्यायचा तर जागेअभावी १:२०० करावं लागतं. १० मीटरचं पाणी ५ सेंटीमीटर होतं. एवढ्या उथळ पाण्यात प्रवाह मंद आणि थरांचा होऊ लागतो, पृष्ठताण लुडबुड करतो. म्हणून उभी मोजपट्टी मुद्दाम १:५० घेतात, आडवी १:२०० च राहते. पाणी २० सेंटीमीटर, वेग १:७.०७, विसर्ग साधारण १:७०,७००. उतार चौपट तीव्र, काठ चौपट उभे. हे मॉडेल नदीसारखं दिसतच नाही. शिवाय चौपट उतारावर पाणी धावत सुटू नये म्हणून तळ खडबडीत करावा लागतो. हिशेब असा: एनची मोजपट्टी म्हणजे ५० चा दोन तृतीयांश घात भागिले २०० चं वर्गमूळ, ०.९६. नदीचा एन ०.०३५ तर मॉडेलचा ०.०३६. सगळीकडे सारख्या १:१०० च्या मॉडेलला ०.०१६ लागला असता, सिमेंटचा साधा तळ चालला असता. इथे मात्र खडी किंवा जाळी बसवून तळ खडबडीत करतात.

आकार बिघडवल्यामुळे पातळी बरोबर येते. आकार जपला असता तर पातळी चुकली असती. वर पश्चिमद्वार यांनी सांगितलेली ‘वगळलेलं परत घाला’ ही रीत इथे लागू होत नाही. मोडतोड काढून टाकली की मॉडेलच मरतं.

पण अशा मॉडेलवरून वळणावरचे भोवरे, पुलाच्या खांबापाशी पडणारा खड्डा किंवा काठाची घसरण वाचू नये. काठ चौपट उभा असल्याने तो जिथे ढासळतो तिथे खरा काठ टिकतो. विज्ञानाची तत्त्वज्ञ मेरी हेसने १९६० च्या दशकात साधर्म्याचे तीन भाग सांगितले: जुळणारं, न जुळणारं आणि अजून न ठरलेलं. मॉडेल चालवण्याआधी हे तीन रकाने कागदावर भरून ठेवले तर पुढचे अर्धे वाद टळतात.

दिगंश

हे वाचून माझं मत थोडं बदललं. तत्त्वज्ञ मॅकम्युलिनने १९८५ साली ज्याला गॅलिलिओच्या पद्धतीचं आदर्शीकरण म्हटलं, त्यात सोपं केलेलं हळूहळू परत गुंतागुंतीचं करता येतं, आणि तसं करताना उत्तर सुधारत जातं. किरणोत्सवाचं मॉडेल त्या जातीचं आहे. विकृत मोजपट्टीची प्रतिकृती त्या जातीची नाही. मग दोन्हींना लागू पडेल असं एकच उत्तर आहे का?

लंबक

तत्त्वज्ञ ह्यूजने १९९७ साली दिलेली तीन पायऱ्यांची मांडणी दोन्हीकडे चालते असं मला वाटतं. आधी निर्देश: मॉडेलमधलं काय कशाच्या जागी उभं आहे ते ठरवणं. मग निष्पत्ती: मॉडेलच्या आतल्या नियमांनी उत्तर काढणं. शेवटी अर्थ लावणं: ते उत्तर परत जगाच्या भाषेत आणणं. प्रतिकृतीत २० सेंटीमीटर म्हणजे १० मीटर हा निर्देश, पाणी सोडणं ही निष्पत्ती, ५० ने गुणणं हा अर्थ. साम्य डोळ्यांना दिसायची गरज नाही, ये-जा करायचे दोन पूल पक्के हवेत.

बरगे यांच्या पहिल्या उदाहरणात निष्पत्ती ठीक होती, परतीचा पूल चुकला होता. एका जागेचे फूट सगळ्या शहराचे धरले.

बरगे

परतीच्या पुलाचं सगळ्यात महाग उदाहरण पूररेषेचं. निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० वर्षांच्या. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकून माणूस समजतो, एकदा येऊन गेला, आता नातवाच्या काळात. मॉडेलमध्ये त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढाच. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेपर्यंत पाणी यायची शक्यता २६ टक्के, निळ्या रेषेपर्यंत ७१ टक्के. आणि ही टक्केवारीसुद्धा पावसाचा स्वभाव बदलत नाही या गृहीतकावर उभी आहे.

रंकाळा_सांज

अलमट्टीचा, म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणाचा, विषय काढू का? आपल्याकडे दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. एक: अलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६ मीटर, राजाराम बंधाऱ्याचं शून्यच ५३०.१८, मग फुगवटा (धरणामुळे मागे तुंबणारं पाणी) येईलच कसा. दुसरं: अलमट्टी भरलं की कोल्हापूर बुडतं.

बरगे

काढा, पण मॉडेलपुरता. पहिल्या वाक्यात धरण म्हणजे सपाट तळं आहे. थांबलेल्या पाण्याला ते बरोबर. वाहत्या पुरात पृष्ठभाग उतरता असतो आणि धरणाचा परिणाम सपाट पातळीच्या रेषेपलीकडेही थोडा चढतो. तेव्हा नुसत्या दोन आकड्यांच्या वजाबाकीने प्रश्न मिटत नाही. दुसऱ्या वाक्यात तर मॉडेलच नाही, दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या एवढंच आहे. एकाच पावसाने धरणही भरतं आणि नदीही.

अंदाजासाठी एक जुनं सूत्र वापरतात: फुगवट्याची लांबी म्हणजे ०.७ गुणिले खोली भागिले उतार. १२ मीटर खोली आणि ५,००० ला १ उतार धरला तर ४२ किलोमीटर. पण हे एकसारख्या उताराच्या, बिनअडथळ्याच्या पट्ट्याचं सूत्र. मध्ये बंधारे, संगम, पूल, भराव असताना पट्टे पाडून, प्रत्येक पट्ट्याचे आडवे छेद घेऊन, खालून वर गणित चालवावं लागतं. प्रत्येक अडथळा एकदा ठेवून आणि एकदा काढून चालवा, फरक सेंटीमीटरमध्ये लिहा. एवढं केल्याशिवाय कोणत्याही बाजूने ठामपणे बोलू नये.

राधानगरी धरणाच्या बाबतीतही तेच. तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने उघडतात, एकातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सुमारे ४० घनमीटर प्रति सेकंद. मॉडेलमध्ये ते ‘माणसाने घेतलेला निर्णय’ म्हणून घालायचे नाहीत, तलावाच्या पातळीवर अवलंबून म्हणून घालायचे. चुकीच्या रकान्यात घातले तर विसर्गाची वेळच चुकते.

पश्चिमद्वार

दिगंश यांचा उलटा क्रम तपासायचाच असेल तर रीत अशी ठेवता येईल. देवस्थानच्या परवानगीने, गर्दीला आणि पूजेला अडथळा न आणता. महाद्वार, गरुड मंडप, पितळी उंबरठा, चांदीचा उंबरठा या चार जागी किरण पहिल्यांदा आणि शेवटी दिसल्याची वेळ सेकंदापर्यंत लिहायची, घड्याळं आधी जुळवून. मूर्तीवरची उंची नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका, उपच्छायेमुळे दोघं जण दोन उंच्या सांगतील. एकाच जागेवरून, एकच एक्स्पोजर कायम ठेवून छायाचित्रं घ्या आणि उजेड कमाल उजेडाच्या निम्मा होतो तो बिंदू धरा.

दाराच्या रेषेची दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर घेऊ नका. एका अंशाची चूक १०० मीटरवर १.७५ मीटर होते, आणि आजूबाजूला लोखंड असतं. थिओडोलाइटने सूर्यावरूनच दिशा काढा, डोळ्यांसाठी सौर गाळणी लावून. पश्चिमेच्या अडथळ्यांची रेघ अर्ध्या अंशाच्या टप्प्याने उतरवून घ्या.

तीन दिवसांऐवजी सात दिवस मोजा, मधल्या दिवसाच्या आधी तीन आणि नंतर तीन. कडेचे दिवस नसतील तर क्रम सुलटा की उलटा हे ठरणारच नाही.

दिगंश

त्यात एक भर. ढगांमुळे वाया गेलेला दिवस ‘किरण आले नाहीत’ म्हणून लिहू नका, ‘नोंद नाही’ म्हणून लिहा. आणि दोन्ही ऋतूंत रोज संध्याकाळी सूर्य क्षितिजापासून दोन अंश वर असताना मोकळ्या जागेवरून त्याची तेजस्विता एकाच उपकरणाने मोजा. फेब्रुवारीत क्रम सुलटाच निघाला आणि हवाही दिवसागणिक स्वच्छ होत गेलेली दिसली, तर दुसरी शक्यता पुढे येते. हवा सारखीच राहिली आणि तरी क्रम सुलटा निघाला, तर ‘अडथळे स्थिर आहेत’ हे गृहीतकच तपासायला घ्यावं लागेल, आणि त्यासाठी नोव्हेंबरात उतरवलेली क्षितिजाची रेघ फेब्रुवारीत पुन्हा उतरवायला हवी.

रंकाळा_सांज

क्षितिजाची रेघ दोन्ही वेळा एकाच बिंदूवरून घ्यायची ना? चांदीच्या उंबरठ्याच्या मध्यावरून?

पश्चिमद्वार

हो, त्याच बिंदूवरून, आणि उपकरणाची उंचीही तीच. दहा सेंटीमीटर वर-खाली झालं तर लांबच्या इमारतीला फरक पडत नाही, पण जवळच्या कमानीची कड सरकते. २० मीटरवरच्या कडेला १० सेंटीमीटर म्हणजे ०.२९ अंश, जवळजवळ सव्वा मिनिटाचा सूर्य.